तान्ह्याचे दुखणे आणि आईचा उंबरा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळाच्या हळदीकुंकवाचा जमाखर्च लिहिणे निराळे आणि लेख लिहिणे निराळे. पण त्या म्हणाल्या, "मागे भिशीच्या दिवशी तुम्ही आपल्या आईविषयी जे सांगितलेत, तेच लिहा." म्हणून हे धाडस केले आहे. आईची गोष्ट सांगायची तर तिच्या आधीचे आणि नंतरचेही सांगावे लागते, त्यामुळे हा थोडासा इतिहास झाला आहे. थोरल्या बायकांच्या तोंडून ऐकलेले, वाचनालयातल्या पुस्तकांत मिळालेले आणि थोरल्या मुलाने मोबाईलवर शोधून वाचून दाखविलेले, असे सगळे मिळून तो जुळविला आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

माझे माहेर माण तालुक्यातले आणि सासर तासगाव तालुक्यातले. आज एक गाव सातारा जिल्ह्यात आहे, दुसरे सांगलीत. पण १९४९ सालापर्यंत ही दोन्ही गावे एकाच मोठ्या सातारा जिल्ह्यात होती. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा निघाला, विलीन झालेल्या संस्थानांतला मिरज, सांगली, जतकडचा मुलूख त्यात आला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माणदेशात पाण्याची ओरड, कृष्णाकाठी मळ्यांची हिरवळ, पाटण-जावळीकडे डोंगर आणि मुसळधार पाऊस. मुलूख असा तऱ्हेतऱ्हेचा असला तरी लहान मुलांची दुखणी सगळीकडे सारखीच होती. देवी, गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, जुलाब आणि डबा. आमच्या आजीच्या पिढीतील बाईला "मुले किती?" असे विचारले तर ती दोन आकडे सांगे. झालेली इतकी, राहिलेली इतकी.

प्रथम देवीविषयी लिहिते. आपल्या भाषेत देवी म्हणजे रोग, देवी म्हणजे आई भवानी आणि 'देवी काढणे' म्हणजे लस टोचणे. तिन्हींना एकच शब्द. यावरूनच बायाबापड्यांचा किती गोंधळ उडत असेल ते दिसते. गोस्तन देवीची लस इंग्लंडात डॉ. जेन्नर यांनी १७९६ साली काढली. हिंदुस्थानात ती प्रथम टोचली गेली मुंबईस, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. टोचलेल्या मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातील पाणी घेऊन पुढच्या मुलाला टोचायचे, त्याच्यावरून त्याच्या पुढच्याला. ॲनाच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचले आणि असे दंडावरून दंडावर करीत ती लस देशभर गेली. आता विचार करा. टोचणारा येतो, आपल्या पोराच्या दंडातले पाणी काढतो आणि दुसऱ्या घरच्या पोराला लावतो. ते पोर कोणत्या घरचे, त्याला काय रोग, हे आईला ठाऊक नाही. ती घाबरली तर तिला अडाणी म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

१८९२ साली मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी देवी टोचण्याचा कायदा झाला. पुढे बेळगावला रेडकांपासून लस तयार होऊ लागली आणि दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत बंद पडली. पण भीती लगेच गेली नाही. माझी आजी सांगे, हिवाळ्यात देवीवाला गावात आला म्हणजे वेशीवरचा पोरगा धावत ओरडत येई आणि बाया पोरे घेऊन रानात जात. एकीने आपले पोर रिकाम्या कणगीत बसविले होते, ते आत शिंकले आणि सापडले! आजी हे हसत सांगे. मग थोडी थांबून म्हणे, "ते पोरगं वाचलं. रानात नेली त्यातली दोन गेली."

पुढे १९६२ साली देवी निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, १९७५ च्या मे महिन्यात आपल्या देशातील देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली सगळ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. माझ्या आजीच्या आणि आईच्या दंडावर देवीचे मोठे वण आहेत. माझ्या दंडावर फक्त क्षयाच्या लशीचा बारीक वण आहे. माझ्या मुलांना देवी हा रोग होता हे सांगावे लागते.

इलाज करणारे आपल्याकडे अगदीच नव्हते असे नाही. डॉ. वॉनलेस हे १८८९ साली या भागात आले, आरंभी सांगलीस दवाखाना चालविला आणि पुढे मिरजेस मिशनचे रुग्णालय उभारले, ते १८९४ साली सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे लांबलांबून माणसे आगगाडीने तेथे येत. मिरजेचे नाव झाले ते तेव्हापासून, आणि आजही आपण "बरं नाही वाटलं तर मिरजेला नेऊ" असेच म्हणतो. पण मिरजेला कोण जाई? पोटात गाठ झालेला बाप्या जाई, डोळ्यांत मोतीबिंदू झालेले म्हातारे जाई. घरात गडी असे, गाडी जोडली जाई, पैसे मोडले जात. आठ महिन्यांच्या पोराला जुलाब होतात म्हणून माणदेशातून मिरजेला गाडी जोडल्याचे मी कुणाच्या तोंडून ऐकले नाही. तान्ह्याचे दुखणे दोन दिवसांचे. गाडी जोडायचा विचार होईपर्यंत ते संपलेले असे, या नाही तर त्या रीतीने.

येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्या डॉक्टर का झाल्या, याचे मूळ एका मुलाच्या मरणात आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. औषधोपचार मिळाला असता तर तो जगला असता, हे त्यांच्या मनाने घेतले. सातासमुद्रांपलीकडे जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली होती, पण १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच, त्या गेल्या. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात त्या दहा वर्षे जरी राहिल्या असत्या, तरी किती आयांनी आपली पोरे त्यांच्यापुढे आणली असती! पुरुष डॉक्टरपुढे तोंड न उघडणारी बाई त्यांच्याशी मोकळेपणी बोलली असती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाज विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतील दवाखाने त्यांच्याकडे गेले. त्या वेळी मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आपल्याच देवराष्ट्र्याचे. गावोगावी शाळा निघाल्या, सडका झाल्या, दवाखान्याच्या पांढऱ्या इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे दवाखाना गावाजवळ आला. पण दवाखाना गावाजवळ येणे आणि आई मूल घेऊन दवाखान्यात जाणे यांत अंतर राहिले. ते अंतर किती होते हे मला आईमुळे कळले.

१९७४ सालची गोष्ट. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. माझी सर्वांत थोरली बहीण अकरा महिन्यांची होती. उन्हाळ्याचे दिवस. आमचे वडील मुंबईला गिरणीत, साताऱ्याकडच्या निम्म्या घरांतले कर्ते पुरुष तेव्हा तिकडेच असत. पोरीला सकाळपासून जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. ती पाण्याच्या तांब्याकडे हात करी. आजी म्हणाली, "पाणी देऊ नकोस, दिलं की खालून जातंय." आणि हे आजीचेच म्हणणे होते असे नाही. जुलाबात पोटाला विश्रांती द्यावी, असे त्या काळी कित्येक डॉक्टरही सांगत. आईने पाणी दिले नाही. बाळंतशेपाचा काढा बोटाने चाटविला, दृष्ट काढली, मीठमोहऱ्या ओवाळल्या.

दवाखाना चार कोसांवर होता. दीर बैलगाडी घेऊन बाजाराला गेले होते. एसटी सकाळीच निघून गेली होती. आणि खरे सांगायचे तर एसटी दारात उभी असती तरी आई त्या दिवशी गेली नसती, असे तीच म्हणते. नवरा मुंबईला, दीर घरी नाहीत, कुणाला विचारून जायचे? हातात पैसा नाही. तेथे डॉक्टर काय विचारील, आपल्याला काय सांगता येईल? संध्याकाळी पोरीचे डोळे खोल गेले, टाळू आत बसली, रडे पण डोळ्यांत पाणी येईना. दीर परत आले तेव्हा अंधार पडला होता. पहाटे गाडी जोडू असे ठरले. पहाटे गाडीची गरज उरली नाही.

आता इकडे पाहा. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९७१ साली, बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालात आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस काम करीत होते. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा त्यांनी साखर आणि क्षार पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि रोग्यांच्या आयांना, नातेवाईकांना सांगितले, हे पाजत राहा. जेथे शंभरातील वीस-तीस माणसे दगावत होती, तेथे हे पाणी मिळालेल्यांत चारांहूनही कमी दगावली. यातले कारणही समजण्याजोगे आहे. जुलाब होत असतानाही आतडे साखर ओढून घेते, आणि साखरेबरोबर मीठ आणि पाणीही अंगात जाते. नुसते पाणी राहत नाही, साखर-मिठाचे पाणी राहते. डॉक्टरांच्या हातातले औषध त्या वेळी आईच्या हातात गेले. डॉ. महालनोबिस २०२२ साली वारले, आणि त्यांच्या मागे २०२३ साली पद्मविभूषण जाहीर झाले.

बंगालातली ही गोष्ट आमच्या माणदेशातील घरापर्यंत यायला पंधरा वर्षे लागली. १९८६ च्या सुमारास उपकेंद्राच्या नर्सबाई आमच्या ओसरीवर आल्या होत्या. मी पाच-सहा वर्षांची असेन. धाकट्या भावाला जुलाब होत होते. बाईंनी आईला लिटरभर उकळून निवविलेले पाणी आणायला सांगितले, त्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ढवळले आणि चमच्याचमच्याने पाजायला लावले. अंगावरचे दूधही तोडू नका म्हणाल्या. भाऊ पीत राहिला. दोन दिवसांत खेळू लागला. घरात सगळ्यांना आनंद झाला, पण आई त्या दिवशी जेवली नाही. मी सातवीत असताना एकदा तिने मला कारण सांगितले. "तुझी थोरली बहीण तांब्याकडं हात करत होती. मी तांब्या लांब ठेवला." एवढेच म्हणाली. साखर आणि मीठ दोन्ही त्या दिवशी आमच्या घरात होते.

भगिनींनो, मला या लेखात सांगायचे आहे ते हेच. आमच्या आया-आज्यांना मुलांची माया कमी नव्हती. त्यांना माहिती पोचली नव्हती, आणि विचारल्याशिवाय उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती. या दोन गोष्टी जेथे जेथे बदलल्या, तेथे पोरे वाचली. इमारत एवढी मोठी लागली नाही.

सरकारलाही हे हळूहळू कळत गेले. २ ऑक्टोबर १९७७ पासून गावातीलच एकाला तीन महिने शिकवून, महिना पन्नास रुपये देऊन गावचा आरोग्य रक्षक नेमण्याची योजना देशात सुरू झाली. कल्पना उत्तम होती. पण देशभर निवडले गेले ते बहुतेक पुरुष. दिवसभर घरात असते ती आई, दुखते ते अंगावरच्या बाळाला, आणि औषधाची पेटी परक्या पुरुषाच्या घरी. किती बायका तेथे जाणार?

याच्या आधीच आपल्या महाराष्ट्रात एका ठिकाणी निराळी वाट काढलेली होती. अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी गेले. त्यांनी खेड्यांतील साध्या बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, काही तर ज्यांना गाव पाण्याला शिवू देत नसे अशा वस्तीतल्या होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, ताप, लसी यांचे शिक्षण दिले. त्या आपल्याच गावातील बायकांना आपल्याच बोलीत सांगू लागल्या. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली काम सुरू केले. तेथे गावातील आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन घेत, ऊब देत, श्वास मोजत आणि जंतुदोष ओळखून उपचारही करीत. त्यांच्या कामाच्या गावांत जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणारी बाळे हजारी ६२ होती, ती काही वर्षांतच पंचवीसच्या जवळ आली. हे १९९९ साली विलायतेच्या वैद्यकीय पत्रात छापून आले आणि जगभर गेले. ज्या गावांत मोठे रुग्णालय नव्हते, तेथे हे झाले.

माझ्यावरही अशी वेळ आली. २००४ चा पावसाळा. माझा थोरला मुलगा दहा महिन्यांचा होता. सर्दी, खोकला, अंगात ताप. यजमान बेदाण्याचा टेम्पो घेऊन परमुलखात. पहिल्या दिवशी एका खासगी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी झबले वर न करताच एक इंजेक्शन दिले आणि "काही नाही, सर्दी आहे" म्हणून सांगितले. इंजेक्शन दिले म्हणजे औषध झाले, अशी आमचीही समजूत, त्यामुळे मी निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी पोर अंगावर पिईना. सासूबाईंनी त्याच्या फासळ्यांखाली पडणारे खळगे पाहिले आणि म्हणाल्या, "डबा झालाय. बिब्बा लावू या." हे लक्षात घ्या की रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. इलाज तेवढा जुना होता.

योग असा की तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत लस टोचण्याचा दिवस होता. शेजारणीने ओढतच नेले म्हणून मी गेले. आरोग्यसेविकाबाईंनी सुई बाजूला ठेवली, झबले वर केले, हातातल्या घड्याळाकडे पाहत एक मिनिट गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चौसष्ट. या वयाला पन्नासच्या आत हवेत. हा न्यूमोनिया आहे, आत्ताच्या आत्ता न्या." मी घरी येऊन रडत बसले. यजमानांना कळवायचे कसे, पैसे कोठून आणायचे? तेव्हा सासूबाईंनी कनवटीच्या नोटा काढल्या, बिब्ब्याची वाटी कोनाड्यात सारली आणि मला म्हणाल्या, "त्याला काय इचारायचं? मी हाय न्हवं घरात! ऊठ." आम्ही दोघी वडापच्या जीपमध्ये बसून गेलो. सहा दिवस दवाखान्यात काढले. या लेखाची माहिती मोबाईलवर शोधून देणारा तो हाच मुलगा.

माझ्या आईला जे मिळाले नाही ते मला मिळाले. एक श्वास मोजणारी बाई, आणि "ऊठ" म्हणणारी सासू. सासवांवर लेख लिहिणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या सासूबाईंचे हे ऋण मी छापून ठेवू इच्छिते.

पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल २००५ रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून आशाताई आल्या. हजार वस्तीमागे एक, त्याच गावची, बाईच, आणि शक्यतो गावची सूनच. मलाही फार वाटले होते, पण किमान आठवी शिकलेली हवी असा मूळ नियम होता आणि मी सातवी! एका इयत्तेने माझे हुकले. माझ्या मैत्रिणीला ते काम मिळाले आणि आज ती गावातल्या प्रत्येक पाळण्याची वाट ओळखते. २०११ पासून नवजात बाळासाठी घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन करते, अंग गार आहे की गरम ते पाहते, श्वास मोजते. त्याच वर्षापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि आजारी तान्ह्या बाळाचे औषधपाणी विनामूल्य झाले. २०१४ पासून १०८ क्रमांक लावला की गाडी येते. सुईणीच्या विळ्याने होणारा धनुर्वात २०१५ साली देशातून हटल्याचे जाहीर झाले. पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला, त्यानंतर नाही.

या सगळ्याचे फळ आकड्यांत दिसते. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात. २०२० साली ती २८ झाली, आणि महाराष्ट्रात १६. हे वाचताना मला आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अशा किती ओसऱ्या डोळ्यांसमोर आल्या.

परंतु सगळे झाले असे समजून आपण स्वस्थ बसावे असे नाही. तीन गोष्टी मला दिसतात, त्या सांगते.

पहिली आपल्याच घरातली. दोन वर्षांमागे माझ्या पुतणसुनेला मुलगी झाली. सातव्या दिवशी आशाताई काटा घेऊन आल्या. थोरल्या जाऊबाईंनी दारातूनच परत लावल्या. "वजन केलं की दृष्ट लागते, सव्वा महिना होऊ दे." मी शेजारीच राहते. मी जाऊन म्हटले, "आक्का, दृष्ट आपण काढू, वजन त्यांना करू द्या." आक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण चौदाव्या दिवशी काटा आत आला, आणि बाळ जन्माच्या वजनापेक्षाही उतरलेले निघाले. आईला दूध होते, पण पाजण्याची बैठक चुकत होती. आशाताईंनी धरून दाखविले. बाळ आता दुडूदुडू धावते आहे.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. पोर आजारी पडले की आपण पैसे मोजून सुई टोचून घेतो, आणि अंगणवाडीत फुकट मिळणाऱ्या क्षारसंजीवनीच्या पुडीला आणि जस्ताच्या गोळीला हलके समजतो. जुलाबाला बहुधा सुई लागतच नाही. पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवायची, चोवीस तासांत संपवायची, आणि जस्ताची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायची.

तिसरी गोष्ट अशा आयांची, ज्या कोणत्याच यादीत नसतात. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला कुटुंबे येतात आणि कारखान्यांभोवती पालांत राहतात. पहाटे आई कोयता घेऊन फडात जाते, तान्हे पोर फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत. त्यांच्या गावची आशा तिकडे राहिली, इथल्या आशेच्या वहीत त्यांचे नाव नाही. १९७४ साली माझी आई जेथे उभी होती, तेथेच ही बाई आज उभी आहे. फरक एवढाच की तिचा उंबरा पालाचा आहे.

आशाताईंचीही बाजू सांगायला हवी. त्या सरकारी नोकर नाहीत. कामागणिक मोबदला मिळतो, तोही वेळेवर मिळतोच असे नाही. २०२१ आणि २०२३ साली त्यांना संप करावा लागला. आपल्या पोरांचे श्वास मोजणारीच्या घरी चूल वेळेवर पेटावी, हे पाहणेही आपले काम आहे.

तेव्हा मंडळाला माझी विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आपण पुष्कळ वाटले. यंदा क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या वाटाव्यात. मंडळाच्या शिलकेतून थोडी रक्कम कुणा एका सभासदाच्या घरी ठेवावी, म्हणजे रात्री पोर आजारी पडले तर आईला नवऱ्याची वाट पाहत बसावे लागणार नाही. आणि उसाच्या हंगामात महिन्यातून एकदा आशाताईंबरोबर आपल्यापैकी चौघींनी पालांवर जावे. मंडळाच्या भिंतीवर एक फळाही लावावा, त्यावर एवढेच लिहावे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे चाळीस किंवा जास्त झाले, छातीला खळगे पडू लागले, पोर पिईना, सगळे ओकू लागले, झटके आले किंवा जागे होईना, तर कुणालाही विचारू नका, निघा.

आईचे आता वय झाले आहे, डोळ्यांना कमी दिसते. माहेरी गेलेल्या प्रत्येक लेकुरवाळीच्या पिशवीत ती निघताना एक पुडी घालते. नाती हसतात, "आजी, आमच्याकडे मेडिकलमध्ये मिळते गं." आई म्हणते, "मिळत असंल. असू दे जवळ."

मंडळाचा उत्कर्ष होवो, आणि आपल्या सर्वांच्या घरची पोरे सुखरूप वाढोत, एवढे म्हणून माझे चार शब्द पुरे करते.